आत्याचा उजवा पाय

आमच्या बैठकीच्या खोलीतल्या गालिच्याला एका जागी भोक पडलं आहे. ते उंदराने नाही, आत्याने पाडलं आहे. तिची खुर्ची ठरलेली, आणि खुर्चीत बसल्यावर तिचा उजवा पाय जिथे टेकतो तिथेच हे भोक. बाबांनी वाफाळता चहा घाईने तोंडाला लावला की आत्याचा पाय दाबला जातो. दूध उतू जायला लागलं की दाबला जातो. टीव्हीवरची नायिका भलत्याच माणसाला हो म्हणायला लागली की मग तर करकचून दाबला जातो. तिच्यासोबत सिनेमाला गेलं की पुढच्या रांगेतला माणूस वळून वळून आमच्याकडे बघतो आणि मी पडद्याकडे बघत राहते.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. माझ्या जन्माच्या आधीपासून ती लोकांना गाडी शिकवते. शिकवणीच्या गाडीत शिकणाऱ्याच्या पायाशी ब्रेक असतोच, पण शेजारी बसलेल्या शिक्षकाच्या पायाशीही एक जादा ब्रेक असतो. शिकणारा गडबडला तर शिक्षकाने तो दाबायचा, म्हणून. आत्या मात्र कोणी गडबडायची वाट बघत बसत नाही. रस्त्यात कुत्रं दिसलं, दाब. कुत्र्यासारखी दिसणारी पिशवी दिसली, दाब. रस्ता अगदीच मोकळा दिसला तर तिला संशय येतो, म्हणून मग तेव्हाही दाब. लग्न का केलं नाहीस असं कोणी विचारलं तर म्हणते, "आले होते की दोन-तीन जण समोरून. वेळेत ब्रेक मारला म्हणून सगळेच वाचलो."

आत्या ज्या गाडी शिकवायच्या शाळेत आहे, तिथेच मी काउंटरवर बसते. येणाऱ्यांना शिकवणीच्या वेळा ठरवून देणं आणि आत्याच्या गाडीतून उतरलेल्यांना पाणी देणं, ही माझी दोन मुख्य कामं. माणसं उतरायची ती मान चोळत उतरायची. तरी आत्याचं नाव होतं. तिच्या गाडीला आजवर साधा ओरखडा उठला नव्हता, आणि हे ती दिवसातून एकदा तरी कोणाला ना कोणाला ऐकवायचीच.

मग ते दंतवैद्यांचं प्रकरण झालं. दंतवैद्य आत्याच्या हाताखाली शिकले, परीक्षेच्या दिवशी नशिबाने रस्त्यात काही आडवं आलं नाही म्हणून पास झाले, आणि नवी कोरी गाडी घेऊन घरी निघाले. घराचं फाटक बंद होतं. दंतवैद्य शांतपणे फाटकाकडे बघत राहिले आणि गाडी फाटकातून आत गेली. दुसऱ्या दिवशी ते माझ्या काउंटरवर तावातावाने आले. म्हणाले, "तुमच्या गाडीत फाटक आलं की गाडी आपोआप थांबायची!" मला हसू आवरेना. मी पाणी आणायच्या निमित्ताने आत पळाले. परत आले तर मालक माझ्या खुर्चीशेजारी उभे होते, आणि ते हसत नव्हते.

आमचे मालक कमी बोलतात. त्यांनी आत्याला बोलावलं आणि म्हणाले, "बाई, तुमचे विद्यार्थी ब्रेक दाबायला शिकतच नाहीत. त्यांच्या वाटचा तुम्हीच दाबता. आता गाडी पुरे. उद्यापासून काउंटरवर बसा, भाचीच्या शेजारी."

आत्याचा चेहरा असा उतरलेला मी कधी पाहिला नव्हता. माझाही उतरला, पण माझं कारण वेगळं होतं. घरी आत्या, जेवताना आत्या, आणि आता दिवसभर कोपराला कोपर लावूनही आत्या! मी नको तिथे तोंड घातलं. "पण मालक, तिचा एक विद्यार्थी अजून बाकी आहे ना?"

बाकी होता तो पाल. हे त्याचं नाव नव्हे, पण सगळे त्याला पालच म्हणायचे आणि त्यालाही ते आवडायचं. दाढीवाला, दांडगा, दारातून आत येताना वाकावं लागेल असा माणूस. लोकांना कडे आणि सुळके चढायला शिकवायचा. उभ्या कातळाला तो ज्या निवांतपणे चिकटतो त्यावरून हे नाव पडलेलं. आणि हाच माणूस गाडीत बसला की पहिला गिअर टाकायच्या आधी घामाने निथळायचा. परीक्षेत नापास होऊन परत आमच्याकडेच आलेला होता.

मालकांनी विचार केला. म्हणाले, "ठीक आहे. पाल परीक्षेला जायच्या आधी मी स्वतः गाडीत मागे बसेन. बाजार, चढ, चौक, अशी पूर्ण फेरी मारायची. बाईंनी एकदाही ब्रेक दाबला नाही तर गाडी त्यांची. एकदा जरी दाबला, तर काउंटर."

"एकदाही दाबणार नाही," आत्या ताठ मानेने म्हणाली. आणि पाय दाबला. मालकांनी तो बघितला, मीही बघितला.

त्याच दिवशी दुपारच्या शिकवणीत काय झालं ते मला पालकडून कळलं. आत्याने निश्चय केला होता, तो शाळेच्या कोपऱ्यापर्यंत टिकला. तिथे एक हातगाडी उभी होती. हलत नव्हती, हलण्याचा तिचा विचारही दिसत नव्हता. आत्याने ब्रेक दाबला, स्वतःवरच चिडली, आणि सवयीप्रमाणे पालवर ओरडली. "एवढे कडे चढतोस आणि साधा क्लच सोडताना हातपाय गळतात तुझे?"

पाल म्हणाला, "मॅडम, तुम्ही एकदा माझ्या कड्यावर या. मग तुमचं काय गळतं ते बघू."

असं आत्याला कोणी म्हणायला नको होतं. रविवारी सकाळी ती मला गदागदा हलवून उठवत होती. मी का, असं विचारलं तर म्हणाली, "मी पडले तर घरी कळवायला कोणीतरी नको का?" गुडघे दुखतात म्हणून आमच्या इमारतीचा जिना जी बाई कठड्याला लोंबकळत चढते, ती कडा चढायला निघाली होती. बाबा दारात उभं राहून म्हणाले, "ताई, वय बघ." ताईने वय बघितलं नाही, फक्त भावाकडे असं बघितलं की तो आत निघून गेला.

कातळ तसा फार मोठा नव्हता, पण खालून बघितलं की माझी मान दुखली. पालने आत्याच्या कमरेला पट्टे आवळले, डोक्यावर हेल्मेट चढवलं. दोर वर ठोकलेल्या लोखंडी कडीतून फिरून खाली त्याच्या हातात येत होता. आत्या पडली असती तरी जागच्या जागी लटकली असती. हे त्याने तिला दोनदा समजावलं. आत्याने दोन्ही वेळा "गाडीच्या पट्ट्यासारखंच ना" असं म्हणून त्याला उडवून लावलं आणि चढायला लागली.

सुरुवात बरी झाली. हात वर, पाय खाचेत, हात वर, पाय खाचेत. माझ्या उंचीच्या वर गेल्यावर तिने खाली पाहिलं. मग जे झालं ते जगात दुसऱ्या कोणाचं झालं असेल असं मला वाटत नाही. आत्या घाबरली, आणि घाबरल्याबरोबर तिने ब्रेक दाबला. उजवा पाय ज्या बोटभर खाचेवर टेकला होता तिथून सटकला आणि आत्या दोराला लटकली. गरगर फिरायला लागली. फिरता फिरता ओरडली, "थांबव! थांबव मला!"

"मॅडम, थांबलेल्याच आहात तुम्ही!" पाल खालून ओरडला.

परत सुरुवात. परत खाच, परत भीती, परत ब्रेक, परत आत्या हवेत. असं किती वेळा झालं मी मोजलं नाही. नंतर नंतर तर तिच्या पायाला दाब चढायला लागला की पाल आधीच दोर आवळून तयार असायचा. मला हसून हसून बसावं लागलं. आजूबाजूला चढणारी मंडळीही कामधंदा सोडून बघत होती. शेवटी आत्या कातळाला गाल चिकटवून नुसती उभी राहिली. पाल म्हणाला, "पाय दाबू नका मॅडम. ठेवा. नुसता ठेवा. तो उभा राहील."

आत्याने पाय अलगद ठेवला. तो राहिला. दुसरा ठेवला, तोही राहिला. ती वर पोचली तेव्हा तिथून तिने अशी आरोळी ठोकली की खालची पाखरं उडाली. खाली आली तेव्हा ती तोंडभर हसत होती. म्हणाली, "अगं, पाय नुसता ठेवता येतो!" जणू एवढी वर्षं ही गोष्ट कोणी तिच्यापासून लपवून ठेवली होती.

त्यानंतर आमच्या घरावर जे संकट आलं त्याला तोड नाही. आत्याने चढायचे घट्ट बूट आणले आणि ते घालून ती भाजी चिरायला लागली. येता-जाता दाराच्या चौकटीला लोंबकळायला लागली. बाबा वर्तमानपत्रातून डोकं वर काढून म्हणायचे, "ताई, ती चौकट माणसांनी खालून जायला आहे." वरच्या फळीवरचा डबा काढायला स्टूल नको, ओट्यावरून खिडकी, खिडकीवरून फळी. एका संध्याकाळी ती फळीवर हात आणि फ्रीजवर पाय अशा अवस्थेत असताना शेजारच्या काकू साखर मागायला आल्या आणि साखर न घेताच गेल्या. जिना मात्र आता ती कठडा न धरता चढायची. गुडघे कुठे गेले, विचारायची सोय नव्हती.

गाडीत मात्र अजून जमत नव्हतं. तिथे पाय ठेवायला गेली की तो दाबलाच जायचा. मालकांच्या फेरीचा दिवस जवळ येत होता. आत्या रात्रीची जेवताना मध्येच घास तसाच हातात धरून ठेवायची. एकदा मला म्हणाली, "गाडीतून उतरवलं तर मी कोण गं?" मी तिच्या ताटात अजून भात वाढला. त्या रात्री ती काउंटरवर माझ्या शेजारी बसण्याची भीती मला पहिल्यांदाच क्षुल्लक वाटली.

फेरीच्या आधीच्या रविवारी पालने तिला दोर धरायला दिला. या वेळी वरून दोर नव्हता. तो स्वतः पुढे चढणार, जाता जाता कातळात ठोकलेल्या लोखंडी कड्यांत दोर अडकवत जाणार, आणि खाली उभ्या आत्याने तो वर जाईल तसा दोर सोडत राहायचा. पडला तर मात्र धरायचा. आत्याला हे काम फार आवडलं. ती पाय रोवून उभी राहिली आणि तिने दोर असा धरला की पाल पहिल्याच कडीपाशी अडकला.

"मॅडम, सोडा!"

"नीट बघ आधी! वर कोण आहे ते बघ!"

"कोणी नाही मॅडम, आभाळ आहे! दोर सोडा!"

तिने इंचभर सोडला. पालने हात वर केला, तर दोराने त्याला मागे ओढलं. हा प्रकार बराच वेळ चालला. माणूस वर ताणतोय, बाई खाली ताणतेय. अखेर एवढ्या गरीब स्वभावाचा पालही वैतागला. "मी पडलो की धरा हो! पडायच्या आधीच धरलंत तर मी चढू कसा?"

आत्याचं तोंड मी बघत होते. दंतवैद्य, त्यांचं फाटक, मान चोळत उतरलेली सगळी माणसं त्या तोंडावरून सरकत गेलेली मला दिसली. मग तिचे हात सैल झाले. दोर सुळसुळत वर जायला लागला. पाल चढला, अजून चढला, आणि अगदी वर पोचता पोचता त्याचा हात खरंच सुटला.

आत्याने धरलं. विचार न करता, न ओरडता, घट्ट धरलं. पण पाल दांडगा आणि आत्या हडकुळी. तो खाली आला तशी ती सर्रकन वर गेली. मी तिचे पाय धरायला धावले तर माझ्या हातात एक बूट आला. कातळाच्या मध्यावर दोघं समोरासमोर येऊन थांबले, हा वरून आलेला, ही खालून गेलेली, नाकाला नाक.

"नमस्कार मॅडम," पाल म्हणाला.

"धरलंय तुला," आत्या म्हणाली. आणि तिथेच, एका पायात बूट, एका पायात मोजा, अशी लोंबकळत ती हसायला लागली. पालही लागला. ते हसले की दोर हले, दोर हलला की ते एकमेकांवर आपटत आणि अजून हसत. मला खाली हसता हसता रडू आलं. ते रडू नुसतं हसण्याचं नव्हतं, हे मलाही कळत होतं.

फेरीच्या दिवशी आत्या चढायचे बूट घालून गाडीत बसली. पाल स्टिअरिंगशी, ती शेजारी, मागे मालक, आणि मालकांच्या शेजारी साक्षीदार म्हणून मी. आत्याने उजवा पाय ब्रेकच्या जवळ ठेवला. नुसता ठेवला. मी पूर्ण वेळ त्या पायाकडेच बघायचं ठरवलं होतं.

पाल निघाला. बाजारात एक कुत्रं आडवं आलं. पाय हलला नाही. पालने वेग कमी केला, कुत्रं गेलं. टेम्पोतून गाद्या उतरवत होते, त्यातली एक रस्त्यावर घरंगळली. आत्याच्या कपाळावर घाम आला, पण पाय जागेवर. पालने स्वतः ब्रेक दाबला, गादी उचलेपर्यंत थांबला, परत निघाला. चढावर गाडी बंद पडून जराशी मागे आली. आत्या एवढंच म्हणाली, "परत कर. वेळ आहे." हे शब्द मी तिच्या तोंडून जन्मात ऐकले नव्हते. पालने परत केलं आणि गाडी चढली.

पुढे सरळ रस्ता लागला तशी आत्या खिडकीकडे वळली आणि केवढ्यांदा तरी ओरडली, "अय्या, इथे तळं आहे!"

"बाई, ते शाळेच्या आधीपासून आहे," मालक म्हणाले.

"बदकंसुद्धा आहेत हो! अगं, बदकं बघ!" याच रस्त्यावरून ती रोज जायची. एवढ्या वर्षांत तिने रस्ता आणि लोकांचे पाय सोडून काही पाहिलं नव्हतं. पाल हसला, मी हसले. गाडीत असं मोकळं वारं खेळत होतं की ही परीक्षा आहे हे मीसुद्धा विसरले. शाळेची पाटी दिसायला लागली. झालंच होतं.

तेवढ्यात डावीकडच्या बोळातून पावाची व्हॅन उलटी, भसकन, मागे न बघता रस्त्यावर आली. पालने ती बघितली. बघितली आणि गोठला. हात गोठले, पाय गोठला. त्याच्या मानेवरून मला कळलं, हा आता काहीही करणार नाही.

आत्याने ब्रेक दाबला.

गाडी व्हॅनपासून वीतभर अंतरावर थांबली. व्हॅनवाला खाली उतरला, आमच्याकडे बघून त्याने नुसतेच हात जोडले. आत्या शांत आवाजात पालला म्हणाली, "गिअर काढ. हँडब्रेक लाव. श्वास घे. होतं असं." मग ती मागे वळली. चेहरा पांढरा पडला होता, पण तिने नजर चोरली नाही. "दाबला मी," ती मालकांना म्हणाली. "काउंटर तर काउंटर. परत असं झालं तर परत दाबेन."

मालक खाली वाकून काहीतरी करत होते. बघते तर त्यांचा उजवा पाय समोरच्या सीटखाली पार घोट्यापर्यंत घुसून अडकला होता. मी आणि त्यांनी मिळून तो ओढून काढला.

"गादीपाशी दाबला," मालक पाय चोळत म्हणाले. "कुत्र्यापाशी दाबला. चढावर तर सोडलाच नाही. तुम्ही बदकं बघत होतात तेव्हाही मी दाबूनच बसलो होतो. बाई, तुम्हाला इतका वेळ नुसतं बसता आलं कसं?"

मालकांनी रुमालाने तोंड पुसलं. मग दुसरीकडे बघत म्हणाले, "उद्यापासून माझ्या मुलीला शिकवायला घ्या." मी चमकून बघितलं. मालकांची मुलगी नोकरीला लागून वर्षं झाली होती, गाडी शिकायची म्हणून बापाच्या मागे लागून थकली होती, आणि गाडी शिकवायची शाळा चालवणारा हा माणूस तिला अजूनही रोज स्वतः सोडायला जात होता.

"घेते की," आत्या म्हणाली. "पण तुम्ही मागे बसायचं नाही. आणि फाटकात उभं राहून वाटही बघायची नाही."

मालकांनी मान हलवली, पण ते त्यांना जमणार नाही हे आम्हाला सगळ्यांनाच दिसत होतं. त्यांचे डोळे भरून आले होते. आत्याने मागे हात करून त्यांच्या दुखऱ्या पायाच्या गुडघ्यावर हलकेच थोपटलं.

"जमेल हो हळूहळू," ती म्हणाली. "मला जमलंच ना."